नदीची गाळीव रत्नं!

नदी म्हटलं की आपण बघतो पाण्याकडे. सेल्फीसुद्धा पाण्यासोबतच! पण खरी धमाल चाललेली असते पाण्याखाली. दगड गडगडतायत, वाळू टुणटुण उड्या मारतेय, आणि माती पाण्यात तरंगत फुकटात प्रवास करतेय. या सगळ्या मंडळींचं कॉमन नाव गाळ. शेतात गेला तर सोनं, धरणात अडकला तर डोकेदुखी! या गाळाने देशादेशांत भांडणं लावलीत, वीजप्रकल्प बंद पाडलेत आणि एका जगप्रसिद्ध बापाच्या लेकाला आयुष्यभराचं काम दिलंय. चला तर मग, तळ गाठूया!

आइन्स्टाइन अँड सन

माहीत आहे का, नदीतल्या गाळाचं गणित मांडणाऱ्या एका दादा इंजिनिअरचं आडनाव होतं आइन्स्टाइन? होय, तेच आइन्स्टाइन! अल्बर्ट यांचा मुलगा हान्स अल्बर्ट. १९३६ साली झुरिकमध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली ती नदीच्या तळाशी घरंगळणाऱ्या खड्यांवर. पुढे अमेरिकेत बर्कलीला प्रोफेसर झाला. त्याचं म्हणणं असं, की एखादा खडा नेमका कधी उडी मारेल ते सांगता येत नाही, पण उडी मारण्याची शक्यता किती, हे मांडता येतं. विश्व फाशांच्या दानावर चालतं हे वडिलांना कधीच पटलं नाही. पोराने मात्र नदीतच फासे टाकले!

आणि बाबांचा चहा

बाबाही काही कमी नव्हते. १९२६ साली अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नदी वळणं का घेते यावर चक्क एक पेपर लिहिला, आणि उदाहरण दिलं चहाच्या कपाचं. चमच्याने चहा ढवळा. तळाशी उरलेली चहापत्ती कडेला फेकली जायला हवी ना? पण ती जमते मधोमध! कारण तळाशी घर्षणामुळे पाण्याचा वेग कमी होतो आणि तळाचा प्रवाह आतल्या बाजूला वळतो.

नदीच्या वळणावरही हाच खेळ. वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर धडकतं आणि काठ पोखरतं. तळाचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाला जातं. म्हणून एका काठाची दरड कोसळते, तर समोर छानपैकी वाळूची चौपाटी तयार होते. नदीकाठी प्लॉट घ्यायचा विचार आहे? आधी वळण बघा!

चिखल जड की वाळू?

एक क्विक क्विझ. नदीला तळावरून उचलायला सोपं काय, बारीक चिकणमाती की तिच्याहून शेकडो पट जाड वाळू? उत्तर आहे वाळू! १९३५ साली स्वीडनच्या फिलिप युलस्ट्रॉम यांनी हे आलेख काढून दाखवलं. चिकणमातीचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात, त्यामुळे त्यांना सोडवायला जास्त वेग लागतो. वाळूचा प्रत्येक कण मात्र सुटा.

पण एकदा का चिकणमाती सुटली, की ती खाली बसायचं नाव घेत नाही. वाळूचा अर्धा मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला पंधरा-वीस सेकंद घेतो. एक मायक्रॉनचा मातीचा कण? दहा दिवसांहून जास्त! म्हणून ओढ्याच्या तोंडाशी वाळू सापडते आणि धरणाच्या भिंतीपाशी लोण्यासारखा मऊ गाळ.

दुप्पट वेग, चौसष्ट पट ताकद

पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते किती जड दगड हलवू शकतं? दुप्पट? चौपट? अहो, ६४ पट! दगडाचं वजन वेगाच्या सहाव्या घातात वाढतं, असं हे जुनं गणित सांगतं. उन्हाळ्यात घोट्याएवढ्या पाण्याची गरीब गाय वाटणारी नदी पुरात घराएवढे दगड कसे नेते, याचं उत्तर इथे आहे. वर्षभराचा बहुतेक गाळ पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांतच वाहतो. बाकीचे महिने नदी सुट्टीवर.

पारनेरचं ड्रिलिंग मशीन

माहीत आहे का, आपल्याकडे दगडाने दगडात रांजण खोदलेत? पारनेर तालुक्यात निघोजला, कुकडी नदीच्या पात्रात या. काळ्याकभिन्न बेसॉल्टमध्ये गोल, खोल, गुळगुळीत भिंतींचे रांजणखळगे दिसतील. कारागीर कोण? भोवऱ्यात अडकलेले गोटे! पाणी त्यांना एका जागी गरागरा फिरवतं, ते खडक घासत राहतात, स्वतः झिजून संपतात, आणि पुढच्या पुरात नवी टीम रुजू होते. उन्हाळ्यात एखाद्या खळग्यात डोकावून बघा, तळाशी गोटे अजून ड्यूटीवर असतात.

खडे टाकून पाहणारे शास्त्रज्ञ

नदीच्या तळाशी कोणत्या आकाराचे दगड आहेत हे मोजायची जगन्मान्य पद्धत ऐका. पात्रात उतरा. एक पाऊल टाका. नजर दुसरीकडे वळवा. बुटाच्या टोकापाशी बोट नेऊन पहिला जो दगड लागेल तो उचला, मोजा, टाकून द्या. असं शंभरेक वेळा! १९५४ साली अमेरिकेच्या गॉर्डन वोलमन यांनी ही रीत रूढ केली. नजर का वळवायची? कारण डोळे उघडे असले की माणूस नेमका देखणा दगडच उचलतो.

आता तर गोट्यांनाही ओळखपत्र मिळालंय. दगडाला भोक पाडून आत रेडिओ चिप बसवतात आणि नदीत सोडतात. पूर ओसरला की अँटेना घेऊन त्यांना शोधत फिरायचं. आपल्या फास्टॅगचाच हा ओला अवतार!

आणि स्वित्झर्लंडमधल्या एर्लेनबाख ओढ्यात तर दगडांचा आवाज ऐकतात. तळाशी स्टीलच्या प्लेट्स, त्यांच्याखाली कंपनं टिपणारे सेन्सर. वरून दगड गेला की ठक्! किती ठकठक झाली त्यावरून किती माल गेला याचा हिशेब.

बेट आमचं! नाही, आमचं! अरे, बेट कुठंय?

१९७० च्या भोला चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात, भारत-बांगलादेश सीमेवर गाळाचं एक इटुकलं बेट वर आलं. भारताने नाव दिलं न्यू मूर, बांगलादेशाने दक्षिण तलपट्टी. दोघांचाही दावा. १९८१ साली भारताने तिथे तिरंगाही फडकवला. समुद्रसपाटीपासून त्याची उंची दोन मीटरही नव्हती. आणि २०१० मध्ये उपग्रहाच्या चित्रांत बेट गायब! समुद्राने केस निकालात काढली.

गंगा-ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ आणतात. समुद्राच्या पोटात त्याचा जो पंखा पसरलाय तो सुमारे ३,००० किलोमीटर लांब आहे. हिमालय हळूहळू श्रीलंकेपलीकडे शिफ्ट होतोय म्हणा ना!

कोसीचा यू-टर्न

बिहारच्या कोसीने गेल्या दोन-अडीचशे वर्षांत पश्चिमेकडे १०० किलोमीटरहून जास्त जागा बदलली. हिमालयातून गाळ आणायचा, स्वतःचंच पात्र भरून टाकायचं, आणि मग शेजारच्या खोलगट जागेत नवा संसार मांडायचा. माणसाने दोन्ही बाजूंना तटबंध बांधून तिला मधे कोंडलं. झालं काय? गाळही मधेच कोंडला गेला. पात्र वर वर येत गेलं.

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे तटबंध फुटला. त्या दिवशी नदीत पाणी किती होतं माहीत आहे? तटबंध ज्यासाठी बांधला होता त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी! नदी पूर्वेला, आपल्या जुन्या वाटांनी सुसाट निघाली आणि लाखो माणसं बेघर झाली. इथे विनोद थांबतो. भिंत पाण्याच्या हिशेबाने उंच बांधली होती, गाळाचा हिशेब अपुरा पडला होता.

पिवळा धमक रेकॉर्ड

गाळाचा वर्ल्ड चॅम्पियन? चीनची पीत नदी, अर्थात ह्वांग हो! एकेकाळी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ. कैफेंग शहरापाशी नदीचं पात्र शहराच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर उंच आहे. म्हणजे नदी बघायची तर मान वर करायची!

१९६० साली या नदीवर सानमेनशिया धरणात पाणी अडवलं. हुआंग वानली नावाच्या प्राध्यापकाने आधीच बजावलं होतं, की तळाशी गाळ जायला दारं ठेवा. कुणी ऐकलं नाही. दोनच वर्षांत गाळ इतका साचला की धरण वापरायची पद्धत बदलावी लागली, मग काठातून बोगदे काढावे लागले, बुजवलेली दारं उघडावी लागली. माती खाणे म्हणतात ते हेच!

आता धडा गिरवलाय. २००२ पासून याच नदीवरच्या श्याओलांगदी धरणातून ठरवून मोठा विसर्ग सोडतात, गाळ ढकलत समुद्राकडे नेण्यासाठी. भिंतीतून उसळणारा तो पिवळाजर्द लोट बघायला पर्यटकांची ही झुंबड!

कोल्हापूर ते यांगत्से, व्हाया बर्गे

आता कॉलर ताठ करा. यांगत्सेवरच्या अवाढव्य थ्री गॉर्जेस धरणाचा गाळाचा फंडा काय आहे? पुराचं गढूळ पाणी जाऊ द्या, नंतरचं निवळ पाणी साठवा. ओळखीचं वाटतंय?

आपला कोल्हापुरी बंधारा हेच करतो! पावसाळ्यापूर्वी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवायचे. गढूळ पूर सरळ मोकळ्या गाळ्यांतून निघून जातो. पाऊस ओसरला, पाणी निवळलं, की खांबांच्या खाचांत एकावर एक बर्गे सरकवायचे. जुन्या लाकडी बर्ग्यांच्या तर दोन रांगा असत, आणि मधे माती ठासून भरत, गळती थांबायला. ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर. फक्त तारीख चुकता कामा नये! बर्गे काढायला उशीर झाला तर बंधाऱ्यात गाळ आणि काठाला भगदाड, दोन्ही एकदम.

पाण्यालाही भूक लागते

धरणातून बाहेर पडणारं नितळ पाणी बघून खूश होताय? जरा थांबा! गाळ मागे ठेवून आलेल्या पाण्यात ताकद शिल्लक असते, वाहायला मात्र काही नसतं. मग ते खालचं पात्र आणि काठ खरवडू लागतं. अमेरिकी शास्त्रज्ञ मॅथियास कॉन्डॉल्फ यांनी १९९७ मध्ये याचं नाव रूढ केलं, भुकेलं पाणी.

ग्रँड कॅन्यनमध्ये हेच झालं. वर ग्लेन कॅन्यन धरण आलं आणि खालच्या वाळूच्या चौपाट्या झिजायला लागल्या. शेवटी १९९६ मध्ये धरणातून सात दिवस मुद्दाम पूर सोडला, तळाची वाळू उचलून काठावर मांडायला. माणसाने नदीला सांगितलं, बाई, जरा एक पूर काढ ना!

आणि पात्रातून बेफाम वाळू उपसली तरी पाणी भुकेलंच राहतं. मग बळी पडतात काठ आणि पूल.

पुलाखालचा अदृश्य खड्डा

माहीत आहे का, पूल पाडणारा खड्डा अनेकदा पुरावाच मागे ठेवत नाही? पूर भरात असताना पाणी पुलाच्या खांबाभोवती भोवरे करून वाळू उपसतं. पूर ओसरताना तोच खड्डा नव्या, भुसभुशीत वाळूने भरून टाकतं. वरून बघणाऱ्याला सगळं आलबेल! भारतातल्या पुलांसाठी ही खोली काढायला आजही जेराल्ड लेसी यांच्या सूत्राचा आधार घेतात, आणि खांबापाशी त्याच्या दुप्पट खोली धरतात. लेसीसाहेब शिकले कुठे? उत्तर भारतातल्या गाळाने भरणाऱ्या कालव्यांवर!

वीज गेली? गाळ आला!

हिमाचलमध्ये सतलजवर नाथपा झाकरी हा १,५०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. पाणी भरपूर, पूर जोरात, आणि प्रकल्प बंद! असं का? पाण्यातला गाळ दहा लाख भागांत ५,००० भागांच्या वर गेला की टर्बाइन थांबवतात. हिमालयाच्या गाळात क्वार्ट्झ ठासून भरलेलं असतं. स्टीलची पाती ते पॉलिश पेपरसारखं घासून खातं. गाळ आधीच खाली बसावा म्हणून डोंगराच्या पोटात अर्धा किलोमीटरहून लांब दालनं खोदली आहेत. तरीही काही दिवस गाळच बॉस!

पॅराशूटवाले इंजिनिअर

एक अफलातून किस्सा. १९४८ साली अमेरिकेच्या आयडाहो राज्यात ७६ बीव्हर विमानातून पॅराशूटने जंगलात उतरवले! लाकडी पेटी, जमिनीवर टेकली की आपोआप उघडणारं झाकण, आणि ट्रायलसाठी जेरोनिमो नावाचा एक म्हातारा बीव्हर, ज्याला पुन्हा पुन्हा वरून सोडलं.

बीव्हर हा प्राणी करतो काय? फांद्या-चिखलाचे छोटे बांध घालतो. पाणी मंदावतं, गाळ बसतो, खोल गेलेला ओढा पुन्हा वर येतो. आता तर बीव्हर नसेल तिथे माणसं खांब ठोकून त्याच्या बांधाची कॉपी मारतात. आपल्या वनराई बंधाऱ्याची आठवण झाली ना?

साळिंदर नदीत!

आसामचं माजुली हे नदीतलं भलंमोठं बेट, २०१६ साली जिल्हाही झालं. पण ब्रह्मपुत्रा त्याचे लचके तोडतेय. एका शतकात बेटाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं. उपाय म्हणून काठाशी काय टाकतात? साळिंदरं! म्हणजे काँक्रीटचे दांडे सर्व बाजूंना टोकं काढून बांधलेले सांगाडे, इंग्रजीत पॉर्क्युपाइन. ते पाणी अडवत नाहीत, फक्त त्याला अडखळवतात. वेग मंदावला की नदी स्वतःच तिथे गाळ टाकते. नदीचाच माल, नदीचीच मजुरी!

गोव्यातला बिनबुलाया पाहुणा

जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं जहाज गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्याशी रुतलं. नाव राजकन्येचं, वागणं जावयाचं. हलेचना! सुमारे बारा वर्षं तिथेच ठाण मांडून बसलं. त्याच्या आडोशाला वाळू साचली आणि शेजारी सिकेरीचा किनारा झिजला. लाटांबरोबर वाळूही किनाऱ्याने प्रवास करत असते, मधे एक अडसर आला की एकाचा फायदा, शेजाऱ्याचं नुकसान.

डच मंडळींनी हाच प्रवास कामाला लावला. २०११ साली हेगजवळ समुद्रात २ कोटी १५ लाख घनमीटर वाळूचा ढीग ओतला आणि म्हणाले, घ्या वारा-लाटांनो, वाटा किनाऱ्यावर! नाव काय दिलं? सँड मोटर.

थेंबाची मारामारी

हा सगळा गाळ सुरू कुठे होतो? उघड्या शेतात, एका थेंबापासून. पावसाचा टपोरा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आपटतो आणि मातीचे कण उडवतो. भारतात वर्षाला सुमारे ५३३ कोटी टन मातीची धूप होते, असा १९८३ मधला प्रसिद्ध अंदाज आहे. त्यातली ६१ टक्के माती इथून तिथे सरकते, २९ टक्के कायमची समुद्रात जाते आणि १० टक्के धरणांत बसते.

इलाज? जमिनीवर काहीतरी पांघरा! गवत, पालापाचोळा, काहीही. डोंगरउतारावर समतल चर, ओघळीत दगडी बांध, आणि बांधावर वाळा. होय, सरबतातला वाळा! त्याची मुळं तीन-चार मीटर सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. वाळा विरुद्ध वाळू, वाळा जिंकतो!

गाळात जा, मालामाल व्हा!

आपल्याकडे गाळात जाणं म्हणजे दिवाळं वाजणं. पण धरणाचं पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन बघा! वर ओल, खाली कस. हरभरा, कलिंगड काय पाहिजे ते घ्या. आणि २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तलावातला काळा गाळ मुरमाड रानात टाकायचा, म्हणजे तलाव रिकामा आणि रान ताजंतवानं. बाय वन, गेट वन!

खडकवासल्यातल्या चिमुकल्या नद्या

माहीत आहे का, देशातल्या मोठमोठ्या नद्या पुण्याजवळ खडकवासल्याला ‘मिनी’ साइझमध्ये वाहतात? १९१६ साली मुंबई इलाख्याने सुरू केलेलं हे केंद्र आज सीडब्ल्यूपीआरएस म्हणून ओळखलं जातं. धरण, बंदर किंवा पूल बांधण्याआधी इथे नदीची प्रतिकृती करून पाणी सोडून बघतात. गंमत म्हणजे प्रतिकृतीत खोली मुद्दाम जास्त ठेवतात, नाहीतर पाण्याचा नुसता पापुद्रा उरेल! इथले पहिले संचालक क्लॉड इंग्लिस पुढे ब्रिटनमधल्या वॉलिंगफर्डच्या केंद्राचेही पहिले संचालक झाले. अनुभव मेड इन पुणे!

झटपट फटाके

- नासाच्या क्युरिऑसिटीला २०१२ मध्ये मंगळावर गोल गुळगुळीत खडे सापडले. खडा गोल झाला म्हणजे तो वाहत्या पाण्यात घरंगळला. नदी गेली, खड्यांनी साक्ष दिली!

- शनीच्या टायटन चंद्रावरही २००५ मध्ये गोलसर गोटे दिसले. फक्त ते बर्फाचे!

- केरळात अलप्पुळाजवळ पावसाळ्यात समुद्राच्या तळचा मऊ चिखल लाटांची ताकद शोषून घेतो. सगळीकडे समुद्र खवळलेला, तिथे मात्र मासेमारांची चंगळ. नाव आहे चाकर!

- अमेरिकेतल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली. अडकलेला गाळ सुटला, मुखाशी नवा किनारा तयार झाला आणि सॅमन मासे वरच्या पात्रात परतले.

- संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०५० पर्यंत जगातल्या सुमारे ४७ हजार मोठ्या धरणांची मिळून २६ टक्के मूळ साठवणक्षमता गाळ गिळून टाकेल.

आता तुमचा टर्न!

चिपळूणच्या २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून लोक साखळी उपोषणाला बसले. मागणी रास्तच. तुमच्याही गावात कधी ना कधी ‘गाळ काढणार’ असा फ्लेक्स लागेल. पोकलेन येईल, नारळ फुटेल, फोटो निघतील. तेव्हा फक्त तीन प्रश्न विचारा.

एक, गाळ येतोय कुठून? उतार उघडाबोडका असेल, तर पुढच्या वर्षी स्टॉक पुन्हा फुल्ल.

दोन, काढलेला टाकणार कुठे? काठावरच ढीग मारला, तर पहिल्या पुरात तो पात्रात रिटर्न.

तीन, पुढचा गाळ जाणार कुठून? बर्गे, दारं, पात्राची रुंदी, काहीतरी वाट हवीच.

तिन्ही उत्तरं आली तर जोरात टाळ्या वाजवा. नाही आली तर समजून जा, गाळ राहणार तिथेच, निघणार ते फक्त बिल!